थोरल्या पिंपावरची साय

जेझुइनो येणार म्हणून बोनाकाताने अख्खा जानेवारी कामाला लावला. अंगणाकडच्या भिंतींना चुना दिला, आईच्या खाटेवरची गादी उसवून लोकर पिंजून घेतली, आणि ज्या खोलीत गेली अठरा वर्षं कांदे आणि बदाम वाळत पडायचे ती रिकामी करून तिथे आरसा टांगला. शेजारचे बाकिझियोकाका कुंपणावरून रोज बघत होते. बिशप यायचाय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने त्यांना शिडी धरायला बोलावलं, आणि मग त्यांनी विचारणं बंद केलं.

बिशप नव्हे, भाऊ यायचा होता. पण एक्केचाळीस वर्षांत तो फक्त दोनदा आला होता, एकदा आईच्या मातीला आणि एकदा बाबांच्या. दोन्ही वेळा काळा कोट घालून आला आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत गेला. घरात कोणी मेलेलं नसताना तो पहिल्यांदाच येत होता. नाताळानंतरच्या रविवारी फोनवर म्हणाला होता, आठ दिवस येतो, पुढचं बघू. त्या ‘पुढचं बघू’वर बोनाकाता महिनाभर जगली. वय त्रेसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण शिडीवर चढताना तिला त्यांची आठवणही झाली नाही.

तिने लग्न केलं नव्हतं. नुराकी गावचा एक जण विचारायला आला होता, चांगला होता, दोन बैल होते त्याचे. जेझुइनो परत आला की बघू, आईबाबांकडे बघायला कोणीतरी हवं, असं ती म्हणाली. तो माणूस दोन वर्षं थांबला. ती मात्र थांबतच राहिली, आणि कशासाठी थांबलोय हे गावाने विचारायचं सोडून दिल्यावरही तिने थांबणं सोडलं नाही.

घरामागे बाबांची कोठी होती. कच्च्या विटांच्या भिंती, उत्तरेला आणि पश्चिमेला बिनदाराचे झरोके, आणि आत आडवी निजलेली चेस्टनटच्या लाकडाची आठ पिंपं. त्यांत वेर्नाच्चा. बेटावरच्या ओरिस्तानोच्या या पट्ट्यात घराघरात हीच वाईन होते आणि ती करायची पद्धत उलटी आहे. बाकीच्या जगात पिंप काठोकाठ भरतात, कारण हवा लागली की वाईनचं व्हिनेगर होतं. इथे वरचा चौथा हिस्सा मुद्दाम मोकळा ठेवायचा, बूच सैल लावायचं आणि पिंपाला त्रास द्यायचा नाही. वसंतात त्या मोकळ्या जागेत वाईनवर साय धरते, दुधावर धरते तशीच, पांढरट आणि सुरकुतलेली. तिच्याखाली वाईन वर्षानुवर्षं पडून राहते, तिचा रंग जुन्या पितळेवर जातो आणि तिला कडू बदामाचा वास येतो. साय बुडली की तो बदाम गेला.

उत्तरेच्या झरोक्याखालचं पिंप आजोबांचं. त्याला थोरलं म्हणायचे. नवीन पिंप भरलं की थोरल्यातली पळीभर साय काढून त्यावर सोडायची, म्हणजे तिथेही धरते. अर्ध्या गावाच्या पिंपांवर थोरल्याचीच साय होती, आणि बाबा ही गोष्ट कोणाला विसरू देत नसत.

बाबा कोठीत कोणालाही येऊ देत नसत. बायकोलासुद्धा नाही. पिंपांना माणसांचे पाय आवडत नाहीत, असं म्हणायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा बोनाकाताने, स्वतःच्या तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा उंबरा ओलांडला. जेझुइनोने तर कधीच नाही. तो बाराव्या वर्षी मामाकडे काब्रासच्या खाडीवर गेला, मासेमारी शिकायला. जाळ्यात आलेला बोय मासा हातात घेऊन त्याच्या पोटात अंड्यांची गाभोळी आहे की नाही हे तो डोळे मिटून सांगायचा. पण बंद दारामागे बाप काय करतो हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्या वयात कशाला पर्वा. एकोणिसाव्या वर्षी त्याने बोट धरली आणि थेट समुद्रापलीकडे, उत्तरेकडच्या पिएमोंतेला पोचला. तिथल्या एका मोठ्या वाईनच्या कारखान्यात पिंपांवर लागला, तिथल्याच डेल्फिनाशी लग्न केलं, आणि चाळीस वर्षं तिथेच काढली. डेल्फिना दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी तिकडेच, तोरिनो शहरात. आता तो निवृत्त झाला होता.

सोमवारी दुपारच्या बसने तो उतरला. तपकिरी कोट, एक बॅग, आणि बारा बाटल्यांची लाकडी पेटी. कान अगदी बाबांचे, एवढं तिला उतरणाऱ्यांच्या गर्दीत दिसलं, मग काही दिसलं नाही. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि पेटी सांभाळा, पेटी सांभाळा असं ड्रायव्हरला सांगत राहिला.

पहिले दोन दिवस गाव लोटलं. त्याची बोली ऐकून म्हातारे हसायचे, कारण तो एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या पोरांसारखं बोलायचा. त्यानंतर इथली बोली पुढे गेली होती, हा तिथेच होता. संध्याकाळी तो पेटीतली एक बाटली काढायचा आणि आपल्या तिकडच्या वाईनचं वर्णन सुरू करायचा. ही डोल्चेत्तो, हिच्याबरोबर नुसते सलामीचे, वाळवलेल्या मांसाचे काप आणि पाव. ही बार्बेरा, आंबटसर असते, म्हणून लसूण आणि खारवलेल्या मांदेलीच्या गरम तेलकट कालवणात भाज्या बुडवून खाताना हीच हवी, तोंड साफ करते. आणि ही नेब्बिओलो, हिला घाई चालत नाही, हिच्यासाठी वाईनमध्येच तीन तास शिजवलेलं मांस पाहिजे. तो हे सगळं हातवारे करून सांगायचा. बोनाकाता त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. काय सांगतोय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

"आणि ज्याच्या घरी नुसता पाव आहे त्याने काय प्यायचं?" बाकिझियोकाकांनी विचारलं.

जेझुइनोने खरंच विचार केला आणि डोल्चेत्तो म्हणून सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि ग्लास पुढे केला.

चूक बोनाकाताचीच झाली, पण ती तिला फार नंतर कळली. तिने त्याला पाहुण्यासारखं ठेवलं. तो लाकडं फोडायला उठला तर लाकडं आधीच फोडून रचलेली. फाटक करकरतंय का बघायला गेला तर तिने कालच तेल घातलेलं. ताट उचलायला लागला तर ती हातातून ओढून घ्यायची. बाराव्या वर्षापासून एक दिवस रिकामा न बसलेला माणूस तो, बुधवारपर्यंत अंगणात हात मागे बांधून येरझाऱ्या घालायला लागला. एकदा खाडीवर जाऊन आला. मामाची होडी नव्हती, मामाचं घरही नव्हतं, तिथे आता सायकलींचं दुकान होतं. तासाभरात परतला आणि खुर्चीत बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. बोनाकाता तेव्हा सोललेले बदाम निवडत होती. त्याने घड्याळाकडे बघितलेलं तिने बघितलं, आणि निवडलेले बदाम पुन्हा निवडायला घेतले.

शुक्रवारी तिने त्याला कोठी दाखवली. बाबांच्या माघारी ती किल्ली तिच्याच कमरेला होती, कोणाला विचारायचं नव्हतं. ती म्हणाली, ये आत, आता कोणी ओरडणार नाही. तो आत आला, डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभा राहिला, आणि मग एकेका पिंपावर बोटाच्या पेराने टकटक करत गेला. कान लावून ऐकत होता. आठही पिंपं त्याने वाजवली. त्याचा चेहरा उतरत गेला. बाबांची आठवण येत असेल, असं तिला वाटलं.

"सगळं तू एकटीच करतेस?" त्याने विचारलं.

"एकटीच," ती म्हणाली. तिच्या आवाजात चांगलाच ताठा होता.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. एवढ्या वर्षांत खांद्यावर कोणी हात ठेवला नव्हता. तिने झरोके, बूच, साय, सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण त्या हातापुढे ते राहूनच गेलं, आणि निघताना दाराला कुलूप लावायचंही.

शनिवारी ती सकाळच्या बसने काब्रासला गेली, रविवारच्या जेवणासाठी गाभोळी आणि बोय आणायला. दुपारी परत आली तर जेझुइनो अंगणात रबरी नळी धूत होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बाह्या वर सारलेल्या, आणि शीळ घालत होता. आल्यापासून पहिल्यांदा. भिंतीशी वेताचं वेष्टण असलेले काचेचे दोन मोठे बुधले पालथे घातलेले होते. मागच्या वर्षीची कोवळी वाईन ती त्या बुधल्यांत ठेवायची. धुवून ठेवलेत वाटतं, असं तिच्या मनात आलं, आणि त्यांत काही होतं की नव्हतं याचा विचार करण्याइतकं तिचं मन जागेवर नव्हतं. भाऊ शीळ घालत होता. त्या दुपारी तो दोन वाट्या जास्त जेवला.

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून बाकिझियोकाका जेवायला आले. काकांनी आयुष्यभर पिंपं बांधली होती आणि त्यांच्या नाकाला गावात मान होता. टेबलावर खारवून वाळवलेल्या गाभोळीचे कागदासारखे पातळ काप, वर तेल. खाऱ्या पाण्यात उकडून खाडीकाठच्या पाल्यात गुंडाळलेला बोय. शेवटी रंगीत कागदांत पिळलेले बदामाचे लाडू. या जेवणाबरोबर दुसरं काही पिता येत नाही. गाभोळीचा खारटपणा आणि वेर्नाच्चाचा कडू बदाम हे एकमेकांसाठीच आहेत, आणि जेझुइनोला ते बाबांच्या थोरल्या पिंपातलं पाजायचं हे तिने नाताळातच ठरवलं होतं. ती सुरई घेऊन कोठीत गेली.

सवयीने तिने आधी बूच उचललं, साय बघायला. बोट आत घातलं तर पहिल्या पेरालाच ओलं लागलं. तिने बॅटरी लावली. वाईन काठापर्यंत आली होती आणि तिच्यावर सायीची दोनचार लक्तरं फिरत होती. बाकी सगळी खाली गेली होती.

ती तशीच उभी राहिली. बुधले आठवले, नळी आठवली, शीळ आठवली. मग तिने बाकीची सात बुचं उचलून बघितली. तिथे साय जागेवर होती. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. खालच्या तोटीतून तिने सुरई भरली, कारण टेबलावर माणसं बसली होती आणि दुसरं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

तिने तिघांचे ग्लास भरले. जेझुइनोने एक घोट घेतला, गाभोळीचा काप तोंडात टाकला, आणि डोळे मिटून म्हणाला की हीच ती, बाबांचीच. मग त्याने ग्लास खाली ठेवला.

"बोना, मी राहतो."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"शुक्रवारी ती पिंपं वाजवून बघितली ना, तेव्हाच माझं ठरलं. आठच्या आठ पोकळ. म्हटलं, ही बाई एकटी, वय झालं, भरायला हाताशी कोणी नाही, आणि तोंडाने बोलायची नाही. थोरलं मी काल भरलं, काठोकाठ. उरलेली सात उद्यापासून घेतो. मुलीला कळवतो, इथे काम आहे, मी येत नाही म्हणून."

एक्केचाळीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द आला, आणि आला तो असा. बोनाकाताने बाकिझियोकाकांकडे बघितलं. काकांनी ग्लास नाकाशी नेला होता आणि तो तिथेच धरला होता. त्यांना कळलं होतं. ज्या माणसाने जन्मात कुठली गोष्ट पोटात ठेवली नाही, तो ग्लास खाली ठेवून गाभोळी चघळायला लागला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

तिने मनात हिशेब मांडला. काय आहेत सात पिंपं? बाबा गेले. आपल्यामागे कोठी बघणारं कोणी नाही. भरू दे त्याला. रोज सकाळी हा समोर बसून कॉफी घेईल, संध्याकाळी पुन्हा ती नेब्बिओलोची टकळी लावेल. भर, एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण गावात चार दिवसांत बातमी झाली असती, कोणीतरी दुकानात हसून त्याच्या तोंडावर बोललं असतं, आणि सात पिंपं बुडवून बसलेला माणूस मग इथे कोणत्या तोंडाने राहिला असता. शिवाय वाईनच्या बाबतीत खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"जेझुइनो, ती रिकामी नाहीत," ती म्हणाली. "ती तशीच ठेवायची असतात."

मग तिने सांगितलं. हवा, साय, कडू बदाम, सगळं. हळू सांगितलं, पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. तो काटा हातात धरून ऐकत होता. त्याचे कान लाल होत गेले.

"चाळीस वर्षं मी पिंपं भरली," तो म्हणाला. "दर सोमवारी."

"माहीत आहे रे."

"एक बोटभर जागा राहिली तरी साहेब ओरडायचा."

बाकिझियोकाकांना राहवलं नाही. ते म्हणाले, "माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझं पिंप आतून साबणाने धुवून काढलं होतं. अजून तिला वाटतं तिने उपकार केले. तू निदान वाईनच ओतलीस."

जेझुइनो हसला, परक्याच्या घरी हसतात तसं. लाडवाचा कागद त्याने उलगडला, सपाट केला, पुन्हा गुंडाळला.

"म्हणजे तुझं सगळं व्यवस्थित आहे," तो म्हणाला.

"हो, व्यवस्थित आहे," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला जीभ चावावीशी वाटली. काहीही व्यवस्थित नव्हतं. ती पिंपांशी बोलायची. हिवाळ्यात दिवस दिवस घशातून आवाज न काढल्यामुळे रविवारी फोन उचलताना तिला आधी खाकरावं लागायचं. पिंपांना तू नको असशील, मला हवा आहेस, एवढंच सांगायचं होतं. पण त्या घरात असली वाक्यं कोणी कधी बोललंच नव्हतं. बाबांनी त्याला बोटीवर सोडतानाही फक्त स्वेटर घेतलास का विचारलं होतं.

"परतीचं तिकीट पुढच्या तारखेचं बदलून मिळतं म्हणे," ती म्हणाली.

"बघू," तो म्हणाला.

सोमवारी तो गेला. रिकामी पेटी इथेच ठेवली, कोंबड्यांना अंडी घालायला होईल म्हणाला. बसच्या पायरीवर पाय ठेवून तो वळला आणि साय पुन्हा येईल का, असं त्याने विचारलं. आली तर वसंतात येईल, ती म्हणाली. कळव, तो म्हणाला. बस चर्चच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती हात हलवत होती, आणि मग घरी येऊन तिने त्याच्या खोलीची खिडकी लावून घेतली. उशीवर एक करडा केस होता. तो तिने उचलला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ती उशी झटकलीही नाही.

बाकिझियोकाका आणि तिने मिळून थोरलं पिंप बाबांनी लाकडावर केलेल्या खुणेपर्यंत उतरवलं. नवीन आणि जुनं आता एकत्र झालं होतं, वेगळं काढायचा प्रश्नच नव्हता. मग दुसऱ्या पिंपातली पळीभर साय तिने थोरल्यावर अलगद सोडली. आजवर थोरल्याने सगळ्यांना दिली, आता त्याला घ्यायची पाळी आली, काका म्हणाले. तिने बूच सैल बसवलं.

पुढच्या रविवारी फोन आला. आधीचे रविवारचे फोन तीन मिनिटांचे असायचे. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, कोण गेलं. या वेळी त्याने हवा विचारली नाही.

"आली?"

"इतक्यात कुठली. मार्च तर लागू दे."

"पण तू बघतेस ना?"

"रोज बघायचं नसतं. आठवड्यातून एकदा."

मग दर रविवारी पहिला शब्द तोच. आली? आणि त्या एका शब्दामागून बाकीचं यायचं. झरोके उत्तरेलाच का. वारा समुद्राचा लागतो की डोंगराचा. पळी लाकडाची की पत्र्याची. बाबा बूच किती सैल ठेवायचे. वीस वीस मिनिटं ते बोलायचे. ज्या कोठीत बापाने कधी पाऊल टाकू दिलं नाही तिथे तो आता दर रविवारी सातशे किलोमीटरवरून येत होता, आणि ती त्याला एकेक पिंप दाखवत होती. एकदा तो म्हणाला की स्वप्नात तो पिंपावर वाकून बघत होता आणि आत मामाची खाडी होती. असलं काही तो पूर्वी कधी बोलला नव्हता. बोनाकाता शनिवारपासूनच रविवारची वाट बघायला लागली.

बदामाचा बहर येऊन गेला. ईस्टर झाला. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी सकाळी ती बॅटरी घेऊन कोठीत गेली आणि काकांना हाक मारली. काकांनी एक डोळा मिटून बुचाच्या भोकातून आत बघितलं, बराच वेळ बघितलं.

"आली गं," ते म्हणाले.

आली होती. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पातळ पांढरी, अजून सुरकुती न पडलेली. बोनाकाताला रडू फुटलं. एका पिंपासाठी काय रडतेस, असं काका म्हणाले, पण त्यांनी स्वतःही नाक पुसलं. ते तिच्याबरोबर घरात आले, ग्लासभर मिळेल या आशेने.

अकराला फोन वाजला. ती खाकरली नाही, आता गरज पडत नव्हती.

"आली?" जेझुइनोने विचारलं.

शब्द तिच्या ओठावर होता. आली, कालपरवाच धरली असेल, छान आहे. आणि त्याच वेळी तिला पुढचं सगळं ऐकू आलं. चला, सुटलो एकदाचा, असं तो म्हणेल. खरंच आनंद होईल त्याला. दोन मिनिटं बोलेल. आणि पुढच्या रविवारी विचारेल, हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, कोण गेलं.

"नाही," ती म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या काकांनी मान वर केली.

"अजून नाही? एप्रिल संपत आला, बोना."

"काही केल्या येत नाही. बाकीच्या सातांवर जाड धरली आहे. थोरलं तसंच उघडं." तिने काकांकडे पाठ केली. "मला एकटीला जमत नाहीये, जेझुइनो. मला जमत नाही."

पलीकडून ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा.

"गुरुवारची बोट असते का अजून?"

"असते."

"परतीचं काढत नाही मग. सायीला किती दिवस लागतात कोण जाणे." तो थांबला. "त्या खोलीत कांदे घातले नाहीस ना परत?"

"नाही घातले," ती म्हणाली, आणि हे मात्र खरं होतं.

तिने फोन ठेवला. हात तिने एप्रनमध्ये गुंडाळले. बाकिझियोकाका चौकटीला टेकून तिच्याकडे बघत होते, ग्लासाचं विसरून गेले होते.

"आणि भाऊ आला, पिंपावर वाकला, की काय दाखवणार आहेस त्याला?"

"येऊ तर दे, काका," बोनाकाता म्हणाली. "आधी येऊ तर दे."